विद्यापीठातल्या आयटी सेवांचा खरा खर्च काढायचा कसा?

प्रश्न असा आला आहे: "पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात संगणक विभागाची जबाबदारी तीन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली. विद्यार्थी साधारण नऊ हजार, विभागात आम्ही चौदा जण. लेखा विभाग म्हणतो, गेल्या वर्षी आयटीवर १ कोटी ९० लाख खर्च झाले. एका कंपनीने सगळं काम वर्षाला २ कोटी ४० लाखांत करून देण्याचा प्रस्ताव दिला आहे. व्यवस्थापन विचारतंय, आपला खरा खर्च किती? महिन्याभरात उत्तर द्यायचं आहे. सुरुवात कुठून करू?"

नमस्कार. पुण्यातल्या शिक्षणसंस्थांच्या संगणक केंद्रांत मी बावीस वर्षं काम करतो आहे. त्यातली पहिली अकरा सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळण्यात गेली, पुढची अकरा त्यांचेच हिशेब मांडण्यात. तुमचा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी बऱ्याचदा ऐकायला मिळाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्यासमोरचे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यासारखे नाहीत. १ कोटी ९० लाख म्हणजे "संगणक" नावाच्या लेखाशीर्षातून गेल्या वर्षी निघालेले धनादेश. २ कोटी ४० लाख ही कंपनीने स्वतः आखलेल्या कामाची किंमत. पहिल्यात पगार नाहीत, वीज नाही, जुन्या यंत्रांची झीज नाही. दुसऱ्यात काय नाही, ते प्रस्तावाच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असेल. त्यामुळे व्यवस्थापनाला उत्तर देण्याआधी एक गोष्ट त्यांनाच विचारून घ्या: हा आकडा कशासाठी हवा आहे? शुल्कनिश्चितीसाठी किंवा पुढच्या पाच वर्षांच्या नियोजनासाठी हवा असेल तर पूर्ण खर्च लागतो, म्हणजे सगळं धरून. काम बाहेर द्यायचं की नाही हे ठरवायचं असेल तर टळणारा खर्च लागतो, म्हणजे काम बाहेर गेलं तर आपला कुठला पैसा खरोखर थांबेल तो. या दोन आकड्यांत निम्म्याचा फरक पडलेला मी पाहिला आहे, आणि पहिला काढून दुसऱ्याच्या जागी वापरला की निर्णय हमखास चुकतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचे किती लोक कायम आणि किती कंत्राटी, किती यंत्रं संशोधन प्रकल्पांच्या पैशातून आली, विभागांना स्वतःची खरेदी करायची मुभा आहे का, परिसर एक आहे की तीन. हे मला माहीत नाही, म्हणून खालचे रुपयांचे आकडे उदाहरणादाखल घ्या. पद्धत मात्र सगळीकडे तीच.

लेखा विभागाकडून बेरीज मागू नका, खतावणी मागा. एकेक नोंद वाचायला दोन दिवस जातील, पण त्याशिवाय पुढचं सगळं हवेत. एका संस्थेत "संगणक व तत्सम साहित्य" या शीर्षाखाली मला वसतिगृहाचे सीसीटीव्ही कॅमेरे, सभागृहाचा प्रोजेक्टर आणि परीक्षा विभागाच्या झेरॉक्स मशिनचं टोनर सापडलं. त्याच वेळी तीन विभागांनी घेतलेली सॉफ्टवेअर परवान्यांची रक्कम "प्रयोगशाळा खर्च" या शीर्षात बसली होती. मार्चच्या नोंदी विशेष लक्ष देऊन पाहा. निधी परत जाऊ नये म्हणून तीन वर्षांचा परवाना मार्चमध्ये एकदम भरलेला असतो, आणि तो सगळा त्याच वर्षाचा खर्च म्हणून दिसतो. तीनने भागा.

यंत्रांचंही तसंच. समजा त्या १ कोटी ९० लाखांत नव्या प्रयोगशाळेचे ७० लाखांचे संगणक आहेत. ते पाच वर्षं चालणार असतील तर या वर्षाचा खर्च १४ लाख. उलट तुमचे सर्व्हर आणि स्विच (संगणकांना नेटवर्कला जोडणाऱ्या पेट्या) चार वर्षांपूर्वी घेतलेले असतील, तर या वर्षीच्या खतावणीत त्यांचा एक रुपयाही नाही, पण झीज चालू आहे. ही झीज, म्हणजे घसारा, कुठल्या दराने धरायचा यावर लेखा विभागाशी वाद होईल. आयकराच्या नियमांत संगणकांना ४० टक्के दर आहे, तो करासाठी. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत टेबलावरच्या संगणकांचं आयुष्य ३ वर्षं आणि सर्व्हर-नेटवर्कचं ६ वर्षं धरलं आहे. मी स्वतः प्रत्यक्ष वापर बघून ठरवतो: प्रयोगशाळेतले संगणक ५, सर्व्हर ६, स्विच ८. त्यासाठी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, हातात घेऊन परिसरभर फिरावं लागतं. मी असा फिरलो तेव्हा रजिस्टरात २०११ सालचा चार लाखांचा सर्व्हर दिमाखात उभा होता, आणि प्रत्यक्षात तो जिन्याखाली रंगाच्या डब्यांशेजारी पडून होता, निर्लेखनाचा, म्हणजे तो नोंदवहीतून काढून टाकण्याचा, ठराव कोणी मांडलाच नव्हता. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एका प्राध्यापकांच्या संपलेल्या प्रकल्पातला सर्व्हर अख्ख्या विभागाची संकेतस्थळं चालवत होता, आणि त्याची नोंद आमच्या रजिस्टरात नव्हतीच. दोन्ही चुका एकाच फेरीत सापडतात.

आता वीज. बहुतेक परिसरांना महावितरणचं उच्चदाबाचं एकच मीटर असतं आणि बिल स्थावर विभाग भरतो, त्यामुळे संगणक विभागाला वीज फुकट आहे असंच वाटत राहतं. तुमच्या विद्युत कर्मचाऱ्याला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजायचं यंत्र) घेऊन सर्व्हर खोलीच्या वितरण फलकापाशी उभं करा. यूपीएसची वायर आणि एसीची वायर वेगवेगळी मोजा, आणि एकदाच मोजून थांबू नका. एसीचा भार मेमधल्या दुपारी एक असतो आणि डिसेंबरातल्या रात्री दुसराच. एकाच महिन्यात काम उरकायचं असेल तर निदान भर दुपारी आणि पहाटे, अशी आठवडाभर मोजणी करा. सरासरी १० किलोवॅट निघाली असं धरू. वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे ८७,६०० युनिट. दर काढताना बिलावरचा नुसता ऊर्जा आकार घेऊ नका. मागणी आकार, वहन आकार, अधिभार धरून एकूण रक्कम भागिले एकूण युनिट करा. तो दर १२ रुपये आला तर वर्षाला साडेदहा लाख. एका खोलीचे.

त्यात पुण्याचा गुरुवार मिळवा. दुरुस्तीसाठी वीज बंद राहते, जनरेटर चालतो. डिझेल जनरेटर लिटरमागे साधारण तीन-साडेतीन युनिट देतो, म्हणजे नुसत्या डिझेलचाच दर युनिटला २५ ते ३० रुपयांच्या घरात जातो. बॅटऱ्यांचंही असंच. सीलबंद बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते, पण २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सर्व्हरना एसी आणि बॅटऱ्या मात्र बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत, ही मांडणी मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता बॅटरी-खोलीत थर्मामीटर लावल्याशिवाय मी बॅटरीचा वार्षिक खर्च लिहीतच नाही.

या सगळ्यापेक्षा मोठा आणि सगळ्यात कमी मोजला जाणारा खर्च माणसांच्या वेळेचा. पगार आस्थापनेच्या शीर्षातून जातात म्हणून ते आयटीच्या हिशेबात येत नाहीत. पण पगाराची नुसती बेरीज करूनही भागत नाही. तो वेळ कुठल्या सेवेवर गेला हे कळायला हवं. यासाठी मी रॉबर्ट कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये मांडलेली वेळेवर आधारित पद्धत वापरतो, कारण ती आपल्याकडच्या तुटपुंज्या नोंदींवरही चालते. माणसाचा वर्षाचा एकूण खर्च घ्यायचा, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) धरून. त्याला प्रत्यक्ष कामाला मिळणाऱ्या तासांनी भागायचं. कागदावरचे सगळे तास घ्यायचे नाहीत, त्यांतले साधारण ८० टक्केच घ्यायचे. बाकीचे बैठका, ये-जा, चहा, आजारपण यांत जातात आणि ते जाणारच. समजा एका कंत्राटी तंत्रज्ञावर वर्षाला ४ लाख २० हजार खर्च होतात. २७० दिवस, आठ तास, म्हणजे २,१६० तास. त्यांचे ८० टक्के साधारण १,७३०. तासाला २४३ रुपये. कायम सिस्टिम अ‍ॅनालिस्टचा असाच हिशेब हजाराच्या आसपास निघतो.

मग प्रत्येकाला एक साधी वही द्या. दर अर्ध्या तासाला एक ओळ, चार आठवडे. ॲप नको, एक्सेलही नको. वही टेबलावर उघडी पडलेली असते म्हणून भरली जाते. लोकांना आधीच स्पष्ट सांगा की ही तुमची हजेरी नाही आणि वही वरिष्ठांकडे जाणार नाही, आणि तो शब्द पाळा. एका ठिकाणी तो पाळला गेला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांच्या वह्यांत "नेटवर्क देखभाल, ८ तास" एवढंच उमटायला लागलं आणि सगळी मेहनत वाया गेली.

एक प्रसंग माझ्या मनात पक्का बसला आहे. परीक्षा अर्ज भरायचा शेवटचा आठवडा होता. केंद्राच्या दारात विद्यार्थ्यांची रांग, हातात मोबाइल, सगळ्यांची एकच अडचण: पासवर्ड विसरलो. आत दोन तरुण तंत्रज्ञ ओळखपत्र बघायचे, क्रमांक टाइप करायचे, नवा पासवर्ड कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून द्यायचे. एकेकाला जवळपास पंधरा मिनिटं, कारण मधेच संकेतस्थळ अडकायचं. वर्षभराची बेरीज तीन हजार विनंत्यांवर गेली. तीन हजार गुणिले पाव तास म्हणजे ७५० तास, २४३ रुपयांनी १ लाख ८२ हजार. मोबाइलवर ओटीपी पाठवून पासवर्ड बदलण्याची सोय त्यापेक्षा बरीच कमी खर्चात झाली. पण खर्च वाचला असं मी अहवालात लिहिलं नाही, कारण दोघांचे पगार चालूच राहिले. मोकळे झालेले ७५० तास त्यांनी बॅकअप तपासायला आणि जुने स्विच बदलायला दिले, आणि मी तेच लिहिलं. तुम्हीही हा फरक काटेकोरपणे पाळा. नाहीतर पुढच्या अंदाजपत्रकात तेवढी रक्कम कापली जाते आणि माणूस तिथेच असतो.

विभागाबाहेरचा आयटी खर्चही असाच पसरलेला असतो. ग्रंथालयातला एक सहायक प्रिंटर दुरुस्त करतो, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला परिचर सगळ्या मजल्याचं वायफाय सांभाळतो, लेखा विभागातल्या एक मॅडम टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घरी नेतात. ही माणसं चांगुलपणाने काम करतात, त्यांच्या वेळेचा खर्च कुठेच दिसत नाही, आणि कंपनीच्या प्रस्तावात तर तो नसतोच. प्रत्येक विभागात जाऊन एकच प्रश्न विचारा: "संगणक बिघडला की आधी कोणाला हाक मारता?" जी नावं येतील त्यांच्याकडेही वही द्या.

आता फुकट मिळणाऱ्या गोष्टी. सार्वजनिक विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना २०१० साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जालाची (नॅशनल नॉलेज नेटवर्क, केंद्र सरकारचं शिक्षण-संशोधन संस्थांसाठीचं वेगवान नेटवर्क) जोडणी मिळाली आणि इंटरनेटचं मोठं बिल त्यांच्या हिशेबातून गेलं. खासगी विद्यापीठांत बहुधा ईमेल आणि साठवणूक फुकटात मिळालेली असते. पण फुकट हा आजचा दर असतो, कायमचा नाही. गुगलने २०२१ साली शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवणूक बंद करून जुलै २०२२ पासून संस्थेमागे एकत्रित १०० टीबीची मर्यादा आणली. दहा हजार खाती असतील तर माणशी १० जीबी. व्याख्यानांची चित्रणं साठवणाऱ्या प्राध्यापकाला हे एका सत्रालाही पुरत नाही. म्हणून मी फुकट सेवांसाठी वेगळा स्तंभ ठेवतो, त्यात उद्या बाजारभावाने घ्यावी लागली तर काय पडेल तो आकडा लिहितो, आणि तो एकूण बेरजेत धरत नाही. बघणाऱ्याला जोखीम कळते, हिशेबही फुगत नाही.

इथपर्यंत तुमच्याकडे खर्चाचे ढीग तयार होतील: वर्षाला वाटून घेतलेली यंत्रं आणि परवाने, वीज-बॅटरी-जागा, आणि माणसांचे तास. आता ते सेवांवर टाकायचे. सेवांची यादी वापरणाऱ्याच्या भाषेत करा: ईमेल, वायफाय, प्रवेश आणि विद्यार्थी नोंदी, परीक्षा, प्रयोगशाळा, मदतकक्ष. "फायरवॉल" ही सेवा नव्हे, ती इतर सेवांच्या पोटातली वस्तू.

वाटणीची खरी अडचण इंटरनेट वाहिनीत येते. बहुतेक जण ती डोक्यांच्या संख्येने वाटतात आणि प्रशासनाच्या माथी अकारण खर्च पडतो. एका निवासी परिसरात मी महिन्याचा आलेख काढला. दुपारी वाहिनी जेमतेम एक तृतीयांश भरायची, आणि रात्री साडेनऊ ते साडेअकरा छताला टेकायची. एवढी मोठी वाहिनी घ्यावी लागली ती वसतिगृहामुळे. तेव्हा वाहिनीचा आकार ज्याच्या गर्दीने ठरतो, त्याच्याकडे खर्चाचा मोठा वाटा जायला हवा. तसा टाकल्यावर वसतिगृहाच्या वायफायचा दरडोई खर्च जवळपास दुप्पट दिसला. त्याने कोणावर दोष आला नाही, फक्त वसतिगृह शुल्कात ती बाब पहिल्यांदा धरली गेली. वाटणीचे नियम मात्र कमी ठेवा, चार-पाच पुरेत. दशांश चिन्हापुढे कोरत बसलात तर महिना संपेल आणि कोणी वाचणार नाही.

आता त्या प्रस्तावाकडे येतो. पहिली गोष्ट, २ कोटी ४० लाखांत जीएसटी आहे का? नसेल तर १८ टक्क्यांनी ते २ कोटी ८३ लाख होतात. शिक्षण करमुक्त असल्याने भरलेल्या कराची वजावट तुम्हाला मिळत नाही. प्रवेश आणि परीक्षेशी निगडित सेवांना सूट आहे, तेवढा भाग करसल्लागाराकडून वेगळा करून घ्या.

समजा तुमचा पूर्ण खर्च ३ कोटी १० लाख निघाला. व्यवस्थापन म्हणेल, २७ लाख वाचतात. इथेच टळणारा खर्च मांडा. कायम लोकांचे ६५ लाखांचे पगार राहणार. आधीच घेतलेल्या यंत्रांचा ४५ लाखांचा घसारा राहणार. इंटरनेट वाहिनी आणि फायबर प्रस्तावात नसेल तर ते ३० लाख राहणार. परिसरातल्या स्विचची वीज आणि जागा, १० लाख, तीही राहणार. दीड कोटी जागच्या जागी. थांबतात ते १ कोटी ६० लाख, आणि नव्याने जातात २ कोटी ८३ लाख. म्हणजे पहिल्या वर्षी १ कोटी २३ लाखांचा जादा बोजा. हा हिशेब दरवर्षी बदलतो, यंत्रं संपत जातात, लोक निवृत्त होतात. म्हणून एका वर्षाचा नको, पाच वर्षांचा तक्ता करा. काही संस्थांना पाचव्या वर्षी बाहेर देणं परवडतं असं या तक्त्यातूनच निघालं आहे, आणि तेव्हा मी तसा स्पष्ट सल्ला दिला आहे. पुण्यात विशेषतः, कारण चांगला नेटवर्क अभियंता तयार झाला की हिंजवडी किंवा खराडीची नोकरी त्याला दीड-दोन वर्षांत उचलते, आणि नवा माणूस शिकवण्यात दुसऱ्याचे तीन महिने जातात. तोही खर्च तुमच्या वह्यांत दिसेल.

प्रस्तावात दोन गोष्टी शोधा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग (कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. ते कोण करणार आणि साठवणुकीचे पैसे कोणाचे, हे लिहून घ्या. दुसरी, करार संपल्यावर विद्यार्थ्यांच्या नोंदी कुठल्या स्वरूपात परत मिळणार. एका संस्थेने पुरवठादार बदलला तेव्हा जुन्याने चार वर्षांचे गुण पीडीएफमध्ये दिले. करारात "डेटा परत केला जाईल" एवढंच होतं, आणि तो परत केला गेलाच होता. तीन लिपिक अख्खी उन्हाळी सुट्टी ते गुण पुन्हा टाइप करत बसले, आणि प्रत्येक गुणपत्रिका दुसऱ्याने वाचून ताडली. त्या मुलांच्या पदव्या त्यावर अवलंबून होत्या. त्या कामाची किंमत कुठल्याच प्रस्तावात नव्हती.

व्यवस्थापनाला एकच आकडा देऊ नका. पूर्ण खर्चाचा खालचा-वरचा टप्पा, टळणारा खर्च, आणि सेवानिहाय एक पान. प्रत्येक गृहीतक त्याच पानावर, घसाऱ्याची वर्षं आणि विजेचा दर धरून, म्हणजे एखाद्या सदस्याला ते पटलं नाही तर बैठकीतच बदलून बघता येईल.

तुमच्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ खाणार आहे ती पगारांची माहिती. आस्थापना विभाग नावानिशी पगार देणार नाही, आणि देऊही नये. पदनिहाय एकत्रित वार्षिक खर्च मागा, निधी आणि उपदानासह, कुलसचिवांच्या सहीच्या पत्राने. अशा पत्राला टेबलं फिरून यायला आठवडा लागतो, तेव्हा खतावणी उघडायच्या आधी ते पत्र उद्याच टाका, आणि वह्याही उद्याच वाटा. चार आठवड्यांत परीक्षा अर्जांचा काळ येत नसेल तर गेल्या वर्षीच्या त्या आठवड्यातले मदतकक्षाच्या व्हॉट्सॲप गटातले संदेश मोजून घ्या. मी तसं केलं आहे, आणि अंदाज बराच जवळ येतो.